मालक गेल्यावर

नाशिक
१४ जुलै २०२५, सोमवार

श्री. मल्हारी बोरस्ते, सायखेडा, यांस,

आज सकाळी नळाला पाणी कमी आलं. नऊ वाजता भाजी घेतली. दहाच्या सुमारास तुमची सून हर्षाली आली, चहा घेतला, थोडा वेळ बसली. ती गेल्यावर मी गाडी पुसली आणि जेवले. दुपारी झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसले.

हर्षाली कशासाठी आली ते तिने उठता उठता सांगितलं. मुलगी चांगली आहे. सांगताना बिचारीचे कान लाल झाले होते. तुम्हाला जे बोलायचं ते तिच्या तोंडावर बोलणं बरं दिसलं नसतं. तुमचा नंबर मी एप्रिलमध्येच मोबाइलमधून काढून टाकला आहे. पत्ता तेवढा पाठ आहे.

तुमचा निरोप समजला. पेठ रस्त्याला डंपरमागे असताना खडा उडाला आणि तुमच्या राजहंसची पुढची काच फुटली. तशी काच आता कुठे मिळत नाही. आमच्या गाडीची शाबूत आहे. आपल्या राजहंसवाल्यांच्या परिवाराच्या नियमाप्रमाणे मालक गेल्यावर गाडी उघडायची आणि सामान ज्याला लागेल त्याने न्यायचं. वाल्मीकला जाऊन तीन महिने झाले, तरी वहिनींनी दिवस कळवावा. हर्षालीने मधे 'कृपा करून' म्हटलं, ते तिचं असावं. तुम्ही म्हटलं नसणार.

नियम मला सांगायची गरज नव्हती. तो आमच्या ओट्यावर ठरला आणि तेव्हा चहा मी केला होता. राजहंसची कंपनी बंद पडली त्या वर्षीची गोष्ट. शरणपूर रोडच्या शोरूममध्ये साड्यांचं दुकान आलं होतं. आता तिथे मोबाइल विकतात. तुम्ही सगळे राजहंसवाले तोंडं पाडून आमच्याकडे जमलात. नामपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "सुटं सामान कुठून आणायचं?" तेव्हा आमचे हे म्हणाले, "आपल्यातलाच जो आधी जाईल त्याच्याकडून." सगळे हसले. पुढे दोन वर्षांत डॉक्टरच गेले, तेव्हा हसणं बंद झालं आणि नियम उरला.

डॉक्टरांची गाडी यांनीच उघडली. मी बरोबर होते. पाने आधी साबणाने धुतले. डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "वहिनी, तुम्हाला आठवण म्हणून काय ठेवायचं ते आधी घ्या, मग आम्ही हात लावतो." त्यांनी हॉर्नचं बटण घेतलं. तेव्हापासून तीही रीत झाली, घरच्या बाईने आधी एक वस्तू निवडायची. त्याच गाडीच्या इंजिनातली क्रँक तुमच्याकडे सांभाळायला दिली होती, कारण तुमचा माळा कोरडा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते. कारण तुम्ही विसरलात असं निरोपावरून दिसतं.

आमच्या गाडीची क्रँक तुटली तेव्हा हे दोनदा सायखेड्याला आले. दोन्ही वेळेला तुम्ही म्हणालात, "हाय माझ्याकडं, पन ती माझ्या गाडीला लागंल." दुसऱ्या वेळी तर पाणीसुद्धा विचारलं नाही. वर्षभर गाडी कापडाखाली राहिली. मग यांनी तिच्यात व्हॅनचं इंजिन बसवून घेतलं. रोज जाऊन गॅरेजमध्ये उभे राहायचे. दसऱ्याला नेहमीसारखी गाडी धुतली, हार घातला, गंगापूर रोडच्या मैदानावर रांगेत लावली. तुम्ही अध्यक्ष म्हणून रांगेतून हिंडत होतात. आमच्या बॉनेटशी थांबलात. म्हणालात, "वाल्या, आत राजहंस नाय, मंग भायेर राजहंस कशाला म्हनायचं? व्हॅन हाय ही. तिकडं लाव, रिक्षा उभ्या हायेत तिथं."

लोक हसले. हेही हसले. मग डिकीतून स्क्रू ड्रायव्हर काढला, बॉनेटवरचा पितळी हंस सोडवला आणि तुमच्या हातात दिला. "घे मल्हारी, तुला लागेल." पुढे प्रत्येक दसऱ्याला हे गाडी धुवायचे आणि फाटकाच्या आतच ठेवायचे.

आता काच मागताना ती राजहंसची काच झाली. तुमच्याच तोंडचं सांगते. ही व्हॅन आहे. व्हॅनची काच तुमच्या गाडीला बसणार नाही.

लंका वाल्मीक गायधनी


नाशिक
४ ऑगस्ट २०२५, सोमवार

श्री. मल्हारी बोरस्ते यांस,

आज बँकेत गेले. रांग होती. येताना दळण आणलं. संध्याकाळी फाटकाच्या कडीला तेल घातलं, कारण काल तुम्ही ती बरीच हलवलीत.

पत्राला उत्तर म्हणून माणूस पत्र पाठवतो. तुम्ही तिघं हत्यारं घेऊन आलात. परिवारातले निसारभाई मालेगावहून आले होते, त्यांना तुम्ही काय सांगून आणलं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ते रस्त्याच्या पलीकडेच उभे राहिले. तिसरा माणूस मी ओळखत नाही. तुमच्या पिशवीतून काचेचं रबर लोंबत होतं. इतक्या वर्षांनी आमच्या दारात आलात आणि आधी गाडीकडे बघितलंत. आत फोटोला हार आहे, तो फाटकातून दिसतो.

"वहिनी, दार उघडा. आमी काय चोर हाये का?"

मी म्हणाले, "चोर परका असतो."

"काच फुकट वाया जाईल. उभी गाडी सडती, हे वाल्मीकच सांगायचा."

"उभी आहे असं कोणी सांगितलं?"

त्यावर तुम्ही निसारभाईंकडे बघून हसलात. "मंग कोन चालवतंय, फोटो?"

हे वाक्य मी विसरणार नाही. निसारभाईसुद्धा म्हणाले, "मल्हारी, ज़बान संभाल." त्यांना माझा सलाम कळवा. त्यांच्या घरी रोशनबींनाही. त्या यांच्या दहाव्याला येऊन माझ्याजवळ बसल्या होत्या. तुम्ही आला नव्हतात.

मी आत गेले. किल्ली घेतली, मोरीतून फडकं ओलं करून आणलं, बॉनेट उघडलं, फडकं ठेवलं. तेव्हा तुम्हाला राहवलं नाही. फाटकावरून मान घालून म्हणालात, "वहिनी, ह्या इंजिनाला तिथं पंप नाय. त्याचा पंप टाकीत असतो."

मला माहीत आहे. मूळ इंजिनाला पेट्रोलचा पंप बाजूला होता आणि उन्हाळ्यात तो तापायचा. कसारा घाटात वाफ धरली की राजहंस बंद. मग सगळ्यांनी उतरायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि बिस्किटं खात बसायचं. मुंबईला जाताना घाटात फडकं टाकून उभी असलेली गाडी दिसली की ती राजहंस, हे लांबून ओळखू यायचं. इंजिन बदललं तरी यांची सवय गेली नाही. पंप जिथे असायचा तिथे हे फडकं ठेवायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "राहू दे, तिला बरं वाटतं."

पहिल्या किल्लीला गाडी चालू झाली. तुम्ही बाजूला झालात म्हणून मला नीट काढता आली. त्र्यंबक रोडच्या पंपापर्यंत गेले, पेट्रोल भरलं, आले. तेव्हा तुम्ही गेला होतात.

मला गाडी येते हे तुम्हाला माहीत नव्हतं. आमच्या यांचं दोन वर्षांपूर्वी डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी शिकले. पासष्टीला आले होते. यांनीच शिकवलं. दुसरा गिअर निसटतो म्हणून त्यावर हात ठेवून चालवायची, हेही यांनीच सांगितलं. तुमच्याकडून कानावर यायचं, की वाल्याने व्हॅन विकून टाकली म्हणे. विकली नव्हती. आम्ही दोघं रोज सकाळी सोमेश्वरपर्यंत जाऊन येत होतो.

आता नियमाबद्दल. मी तो पुन्हा आठवून बघितला. 'मालक गेल्यावर' असे शब्द आहेत. 'चालवणारा गेल्यावर' असे नाहीत.

राजहंसची नोंदणी करायची होती तेव्हा साध्या यादीला फार थांबावं लागायचं. सरकारी नोकरांची यादी वेगळी होती आणि ती लवकर सरकायची. हे खासगी कंपनीत, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. म्हणून नोंदणी माझ्या नावाने केली. गाडी माझ्या नावाने आली. आजही ती माझ्याच नावावर आहे. तुम्हाला आठवत नसेल तर आठवण करून देते. गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी तुम्ही आमच्याबरोबर शोरूममध्ये होतात. सही माझी झाली तेव्हा सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालात, "चला मालकीणबाई, पेढे काढा." सायखेड्यापर्यंत मागच्या सीटवर बसून तुम्ही मला मालकीणबाई म्हणत होतात. पुढे ते बंद झालं आणि गाडी वाल्मीकची झाली. मीही कधी बोलले नाही. चालवायचे ते, पुसायचे ते, लोक ज्याच्या हातात किल्ली बघतात त्याचीच म्हणतात.

पण तुम्ही नियमाने आलात, म्हणून नियमाने सांगते. मालक गेलेली नाही. तुमच्याशी फाटकातून बोलली ती मालक होती.

तेव्हा गाडी उघडायचा प्रश्न येत नाही. तरी घरच्या बाईने एक वस्तू निवडायची रीत तुम्हाला आठवत असेल, तर माझी निवड सांगून ठेवते. मला हंस हवा आहे. तो तुमच्याकडे आहे.

लंका गायधनी


नाशिक
२९ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

श्री. मल्हारी बोरस्ते यांस,

कॉलनीचा गणपती बसला आहे. सकाळपासून स्पीकर चालू आहे. आमच्याकडे यंदा काही नाही. दुपारी पोस्टमनने तुमचं पत्र दिलं. मी ते दोनदा वाचलं, मग चहा केला, मग पुन्हा एकदा वाचलं.

पत्र तुमच्या हातचं आहे, हे अक्षरावरून कळलं. सुनेकडून लिहून घेतलं नाहीत, एवढं मान्य करते.

तुम्ही लिहिता की क्रँक द्यायची नव्हती असं नव्हतं. दिवाळीत माळ्याला रंग द्यायला काढलीत, शिडीवर असताना हातातून निसटली आणि खालच्या फरशीवर पडली. एका बाजूला चीर गेली. हे आमची गाडी बंद पडण्याच्या आधीचं. डॉक्टरांच्या गाडीची वस्तू, वाल्मीकने पाने धुऊन काढलेली आणि विश्वासाने हवाली केलेली. तिचं काय झालं हे त्याला सांगायला तोंड नव्हतं. म्हणून 'माझ्या गाडीला लागेल' म्हणालात. आणि दसऱ्याला तो दुसरं इंजिन घालून आला तेव्हा तुम्हाला बॉनेट बघवेना. तुमचे शब्द असे आहेत: "लाज वाटली की मानूस मोठ्यानं बोलतो, वहिनी."

असेल. मला मोठ्याने बोलता येत नाही, म्हणून त्याचा अनुभव नाही.

इतकी वर्षं परिवारातले सगळे तुम्हाला पाठीमागे कंजूष म्हणत होते. तुम्हाला ते ऐकू येत असणार. ते तुम्हाला चाललं. हातून वस्तू पडली म्हणणं चाललं नाही. आणि त्यापायी ज्या माणसाने तुमच्याबरोबर कसारा घाटात निम्मं आयुष्य फडकं ओलं करण्यात घालवलं, त्याला तुम्ही रिक्षांमध्ये गाडी लावायला सांगितलंत.

एक गोष्ट मला लिहायची नव्हती, पण लिहिते. हे दुसऱ्यांदा सायखेड्याहून हात हलवत आले तेव्हा मी बरंच बोलले. यांनी बूट काढले आणि म्हणाले, "अगं, असती तर त्याने दिली असती." मी म्हणाले, "तो स्वतः म्हणतोय, 'आहे.'" हे म्हणाले, "म्हणू दे. नसेल त्याच्याकडे." मग मी यांनाही बोलले. भोळे म्हणाले, आणि आणखी एक शब्द वापरला. पुढेही दर दसऱ्याला हे गाडी धुवायला लागले की मी तोच विषय काढायचे आणि हे तेच उत्तर द्यायचे.

तुमच्याबद्दल ते बरोबर होते आणि मी चूक होते. मला हे आवडलेलं नाही. तुमचं पत्र एप्रिलच्या आधी आलं असतं तर मी ते यांना वाचून दाखवलं असतं. यांना 'मी म्हणत नव्हतो?' असं म्हणायला फार आवडायचं आणि घरात तशी संधी कमी मिळायची. ती तुम्ही घालवलीत. बाकी काही मी कदाचित विसरेन.

तुम्ही शेवटी विचारलंत, की वाल्मीक कसा गेला. इतर लोकांकडून ऐकलं, पण तुमच्याकडून ऐकायचं आहे, असं. खरं तर तुम्हाला सांगण्याचं मला काही कारण नाही. तरी गाडीपुरतं सांगते.

दुपार होती. ऊन फार होतं. यांना घाम आला आणि डावा हात जड झाला. शेजारी कोणी नव्हतं. मी गाडी फाटकाबाहेर काढली आणि यांना धरून आणलं. हे दाराशी थांबले आणि म्हणाले, "फडकं ठेवलंस का?" मी म्हणाले, बसा आधी. बसेनात. मी मोरीत गेले, फडकं ओलं केलं, बॉनेट उघडलं, ठेवलं, बॉनेट बंद केलं. मग हे बसले. गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली आणि हॉस्पिटलच्या दारापर्यंत कुठेही अडली नाही. सिग्नलला यांनी दुसऱ्या गिअरवर माझ्या हातावर हात ठेवला. तिथे पोचल्यावर तिथल्या लोकांनी यांना आत नेलं.

फडक्यात किती वेळ गेला हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

हंस पाकिटात नव्हता. तुम्ही लिहिता, दसऱ्याला मैदानावर घेऊन येतो, माझ्या हाताने लावून देतो, तुम्ही गाडी आणा. मी येईन की नाही हे मला माहीत नाही. वर्षाच्या आत सण करत नाहीत. आले तर हंस तुम्ही लावायचा नाही.

काचेचं तुम्ही या पत्रात काहीच लिहिलं नाहीत. ते माझ्या लक्षात आलं आहे.

लंका गायधनी


नाशिक
२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, दसरा

मल्हारी भाऊजी,

सकाळी आंघोळ करून यांच्या फोटोला फूल वाहिलं. गाडी काल संध्याकाळी धुतली होती. दहा वाजता निघाले, मैदानावर गेले, बाराच्या आत परत आले. वरण-भात केला. तुमच्याशी तिथे फारसं बोलले नाही, म्हणून राहिलेलं लिहिते.

रांगेत चारच गाड्या असतील असं मला वाटलं नव्हतं. आमची धरून चार. पूर्वी मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रांग जायची आणि आईस्क्रीमवाला मधून गाडा नेऊ शकत नव्हता. आज त्याने गाडा सरळ मधे आणून लावला. निसारभाईंनी हात करून मला जागा दाखवली. "इधर, मालकीणबाई, इधर लो." म्हणजे माझं पत्र तुम्ही त्यांना वाचून दाखवलंत. न विचारता दाखवलंत, पण असू दे. रोशनबी गाडीतून उतरल्या आणि माझ्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मला कोणी शिकवलं नाही. तुम्ही शिकवता का?" निसारभाई म्हणाले, "एक गाडी बची है, बीवी, रहम करो." मी बऱ्याच दिवसांनी हसले. नंतर मला त्याचं वाईट वाटलं.

तुम्ही एसटीने आलात हे मला नंतर कळलं. काच नसलेली गाडी आणता येत नाही. अध्यक्ष आणि गाडी नाही, लोक तुमच्याकडे बघत होते आणि तुम्ही पिशवीतून लिंबं काढत होतात. माझ्या मनात एकदा आलं, की सांगावं, रिक्षा उभ्या आहेत तिथे जा. वाक्य तयार होतं. तुमचे गुडघे आता नीट वाकत नाहीत असं दिसलं, म्हणून सांगितलं नाही असं समजू नका. का सांगितलं नाही ते मला माहीत नाही.

तुम्ही आमच्या गाडीपाशी हार घेऊन आलात.

मी म्हणाले, "हार नको. वर्ष व्हायचंय."

"मंग लिंबू तरी चालंल का, वहिनी?"

"लिंबाला काय सुतक."

तुम्ही खाली बसलात. एका हाताने बंपर धरून पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवलीत. उठताना वेळ लागला. निसारभाई हात द्यायला आले तर तुम्ही त्यांना झटकलंत. मग रुमालातून हंस काढलात. घासूनपुसून आणला होता. एक स्क्रू मूळचा, एक नवा. म्हणालात, "एक घरात कुटं पडला, घावला नाय." तुमच्या हातून वस्तू पडतात हे आता मला माहीत आहे.

स्क्रू ड्रायव्हर मी घरून आणला होता. पहिला स्क्रू बसला. दुसरा पूर्ण फिरला नाही, माझ्या मनगटात तेवढा जोर नाही. तुम्ही बाजूला उभे होतात आणि हात पाठीमागे धरले होते. मागितलं असतं तर तुम्ही फिरवून दिला असता. मी मागितलं नाही. हंस थोडा हलतो आहे. तसा राहू दे.

मग कोणीतरी म्हणालं, बॉनेट उघडा, पूजा बॉनेट उघडूनच करतात. मी उघडलं. सगळे वाकून बघायला लागले. आत व्हॅनचं इंजिन आणि पंप नसलेल्या जागेवर ओलं फडकं. तुम्हीच बोललात, आणि मोठ्याने नाही. "वाल्मीकची जागा तीच हाय. बराबर ठेवलंय." मग मी गाडी सुरू केली आणि लिंबावरून पुढे घेतली.

आता काचेचं.

काच देणार नाही. ती रोज लागते. सोमेश्वरला जाताना समोरून ऊन येतं आणि त्या काचेच्या वरच्या कडेला निळसर पट्टा आहे, त्याच्याखालून बघायची मला सवय झाली आहे.

मी गेल्यावर गाडी उघडा. काच पहिल्यांदा तुमची, हे मी आमच्या दीपकला सांगून ठेवते. तो पुण्याला असतो आणि गाडीला खटारा म्हणतो, पण सांगितलेलं करेल. त्या दिवशी इंजिनाबद्दल कोणी एक शब्द बोलायचा नाही. पाने आधी धुवायचे. आणि नियम दोन्हीकडून चालतो. तुम्ही माझ्या आधी गेलात तर तुमच्या गाडीचं डावं दार मी घेणार. आमचं लोंबतं आहे. हर्षालीला सांगून ठेवा, मी निरोप द्यायला कोणाला पाठवणार नाही, स्वतः येईन.

तोपर्यंत तुमची गाडी अंगणात सडवू नका. इथे द्वारका चौकाजवळ एक काचवाला आहे, दुसऱ्या गाडीची काच कापून बसवून देतो. वरच्या कडेला फट राहील, ती रबराने भरतो. बघणारे म्हणतील, बाहेरूनसुद्धा राजहंस राहिली नाही. म्हणू द्या. पुढच्या दसऱ्याला रांगेत आणा. माझ्या डाव्या बाजूला जागा मोकळी असते.

यापुढे पत्र लिहिणार नाही. मला लिहायची सवय नाही आणि हात दुखतो.

आता पाच वाजले आहेत. दारावरून पोरं आपट्याची पानं घेऊन चालली आहेत, आमच्याकडे थांबत नाहीत, त्यांना घरून सांगितलं असेल. बॉनेटमधलं फडकं वाळून कडक झालं होतं. ते काढून आणलं, साबण लावून धुतलं, पिळलं आणि मागच्या दोरीवर टाकलं. उद्या सकाळी लागेल.

लंका